रिकाम्या पोटी

फ्रिजच्या दारात, ताकाच्या बाटलीमागे, बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी होती. सोमवारी ती निम्मी भरलेली होती. आज, गुरुवारी, तळाशी जेमतेम नखभर पाणी उरलं होतं. राजमतीनं ती उजेडाकडे धरून पाहिली आणि होती तशी ठेवून दिली.

मग तिनं दोन ताटं घेतली.

नवरा गेल्यापासून सहा वर्षं संध्याकाळी एकच ताट लागायचं. दिवस मावळायच्या आत ती जेवून घ्यायची. मुलगा अरिहंत जिममधून रात्री दहाला यायचा आणि झाकलेलं खायचा. गेल्या महिन्यात एक दिवस तो उन्हं असतानाच तिच्यासमोर जेवायला बसला. मग रोजच बसू लागला. पोरानं रात्री न जेवायचा नेम घेतला, असं तिनं बस्तीत, जैन मंदिरात, चौघींना सांगितलंही.

कुपी त्यानंतर सापडली. तिनं फोटो काढून सांगलीला प्रीतीकडे पाठवला. प्रीती तिची भाची, औषधांच्या दुकानात काम करणारी.

"पेप्टाइड हाय ते, मावशी. अंगातलं वाढीचं हार्मोन जास्त सुटावं म्हणून झोपताना टोचून घेत्यात, जेवून दोन-तीन तास झाल्यावर. रिकाम्या पोटी. बोटं सुजत्यात, बधिर हुत्यात. थांबव त्याला."

"रिकाम्या पोटी," राजमती तेवढंच म्हणाली होती.

त्याला आज नऊ दिवस झाले.

अरिहंत आला, हात धुऊन बसला. भाकरीचा तुकडा मोडताना त्याची बोटं घसरली. त्यानं हात झटकला, पुन्हा धरून पाहिलं. बापाची अंगठी त्याच्या बोटात रुतली होती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

"आई, ही भाकरी हाय का फरशी?" तो हसला. "दे की मोडून."

भाकरी मऊच होती. तिनं चार तुकडे केले आणि त्याच्या आमटीत टाकले. तो खाली मान घालून जेवत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तू जेव की. दिवस चालला."

"हाय अजून."

खिडकीतलं ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं होतं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"ती फ्रिजमधली कुपी टाकून दे, अरिहंत," ती म्हणाली. "उद्यापास्नं दहाला आलास तरी चालंल. झाकून ठेवीन."