लाव्हाचा डोंगर

“साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा. डोंगर काही कोणाच्या बापाचा नसतो!” नागपूरहून खासगी गाडी करून आलेल्या उमरेडकर साहेबांनी खिडकीतूनच जाहीर केलं. पुढच्याच वळणावर डोंगराचं फाटक लागलं. पाटी होती : पर्यटकांना तिकीट, ड्रायव्हरला मनाई.

ड्रायव्हर लालसूचा चेहरा पडला. याच डोंगरावर त्याच्या गावचा देव. त्याला वाहिल्याशिवाय घरात मोहाची नवी फुलं कोणी तोंडात घालत नाही, म्हणून तर त्यानं ही फेरी मागून घेतली होती.

“भाऊ, मी इथलाच आहो,” तो म्हणाला.

“मंग त तुह्यं पाहून झालं असन,” फाटकवाला हसला.

लालसूनं डिक्कीतून पुरचुंडी काढली.


“साहेब, फोटो काढून झाले का, एवढी मोहफुलं वर देवापुढं ठेवान काय? जरा चपला काढून.”