चिटणीस धाकू

सन अठराशे चौऱ्याण्णव. कल्याणच्या फुटबॉल संघात बारा वर्षं अनवाणी खेळलेला धाकू भोईर गुडघा गेल्यावर नव्या गड्यांना शिकवू लागला, आणि यंदा तर सामने भरवणाऱ्या मंडळाचा चिटणीस झाला. पहिल्याच बैठकीत ठाण्याच्या गोऱ्या कप्तानानं तक्रार केली, "तुमचे लोक अनवाणी खेळतात. आमच्या बुटांखाली त्यांचे पाय येतात आणि खेळ थांबतो."

"मग तुम्हीच बूट काढा!" धाकूनं ठणकावलं.

पुढच्या सामन्यात साहेबांनी खरंच काढले. ते जड बूट उतरताच गोरे गडी वाऱ्यासारखे पळाले आणि कल्याणवर सात गोल चढवले.

घरी बायको बायजा म्हणाली, "अवं, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुनी हरवलं तुमाला?"

धाकू खाली बघत म्हणाला, "चिटणिसानं."