डॅशबोर्डवरचं बटण

ट्रक ऑटोमॅटिक गिअरचा. चढ लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जखडणारा टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक आपल्या मनाने लागायचा, आपल्या मनाने सुटायचा आणि गिअरबॉक्स तापायचा. वैतागून ट्रकवाल्याने मेस्त्रीकडून डॅशबोर्डवर बटण बसवून घेतलं. दाबलं की लॉक पक्का.

"थांबायच्या आधी मात्र आठवणीने बंद करा," मेस्त्रीने बजावलं, "नाहीतर गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडेल."

नेमकी तीच आठवण राहत नव्हती. सिग्नल आला की ट्रक आचका देऊन बंद, मागे हॉर्नचा कल्ला आणि शेजारी बायको.

"अहो, चांगल्या चालत्या गाडीला हे दुखणं कशाला लावून घेतलंत?"

त्या संध्याकाळी अंगणात ट्रक लावतानाही तेच झालं. इंजिन आचका देऊन बंद पडलं. "सकाळी उठल्या उठल्या हे बटण उपटून फेकतो!" तो करवादला, किल्ली काढली, दार आपटलं आणि तणतणत घरात गेला.

सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो बाहेर आला, तर ट्रकचं दार सताड उघडं. कुलूप फोडलेलं, स्टिअरिंगखालच्या वायरी ओढून जोडलेल्या, बॅटरी पार उतरलेली. ट्रक मात्र जागचा तसूभरही हलला नव्हता. गिअर टाकला की इंजिन बंद. चोराने तरी किती वेळा सुरू करावं?

बटण कालपासून चालूच होतं.



बायकोने त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. "खबरदार, त्या बटणाला हात लावलात तर!"