बांधापलीकडचा डबा

जिल्हा फुटला त्याच साली लक्ष्मणराव आणि धाकटे अमृतराव, दोघा भावांचं शेत वाटलं गेलं आणि बोलणंही तुटलं. औंदा वाघ फिरू लागला, तेव्हा जंगलखात्याच्या माणसानं बजावलं, "कापूस वेचताना एकमेकांना हाका मारत राहा." हाक कोण मारणार! दोघांनी तेलाचे रिकामे डबे आणले. एकानं वाजवला की बांधापलीकडून दुसरा वाजवायचा.

आज दुपारी थोरल्याचा डबा धडाधड वाजला. 'माह्यावर राग काढून राह्यला,' म्हणत अमृतरावानं आपला त्याहून जोरात बडवला.

वाघानं मारून टाकलेल्या थोरल्याच्या प्रेताजवळ नाल्यापल्याडची सोनाबाई अमृतरावाला म्हणाली, "भाऊ, तुमच्याच नावानं हाका मारून राह्यले होते ते. आमाले तिकडं आयकू आल्या. तुमाले नाई?"