आजोबांच्या बुबुळाचा रंग

काचबिंदूच्या थेंबांनी कधी कधी बुबुळ गडद होतं, म्हणून तंत्रज्ञ दर तपासणीला आजोबांच्या डोळ्याचा फोटो काढून संगणकावर रंग मोजायचा. आज रंग चक्क फिका निघाला.

“आजी, थेंब चुकवता ना? उरलीसुरली नजरही जाईल त्यांची.”

“चुकवीन कशाला? रोज याच हातांनी घालते!”

त्याला पटेना. कॅमेराच बिघडला की काय, हे बघायला त्याने आजींच्या डोळ्याचा फोटो घेतला. संगणकाने क्षणात जुळणी दाखवली: आजोबा, मागची तपासणी. कडेचा तिळाएवढा डागसुद्धा तोच.

“हा डाग कधीपासून आहे, आजी?”

आजींनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं. “कुठाय रे? मला सगळं अंधुकच दिसतंय.”

“अगं, खाली, डावीकडे,” दाराजवळच्या खुर्चीतून आजोबा म्हणाले. “मला इथून दिसतोय की.”