गढूळ पाण्याची चावी

“गढूळ हो गो खाडीबाय, तुझी पोरं लपव,” असं शेवंतीची आई भरतीच्या तोंडाशी गायची. आता वर धरण झालं, नदीचा गाळ तिथेच अडला, म्हणून खाडीत गाळ यंत्रातून सोडावा लागतो. त्याची चावी गावाने शेवंतीच्या नवऱ्याकडे, भिवाकडे दिली होती.

आजही पुळणीच्या वाळूवरचं पाणी आरशासारखं नितळ होतं. बोय माशांची इवली पिल्लं आडोसा शोधत काठाशी आली आणि लपायला जागा नाही म्हणून बगळ्यांच्या चोचीत गेली.

“अहो, तळाचे शिंपले दिसतायत! चावी सोडा की जरा!”

“पुरे आहे गढूळ,” भिवा म्हणाला.

“पुरे? बगळ्यांनी बाळसं धरलं, आमची जाळी रिकामी! उद्या गाव चावी काढून घेईल, मग बसा बगळ्यांशी गप्पा मारत!”

तणतणत तिने स्वतःच चावी फिरवली. भुरक्या गाळाचा लोट पसरला, पिल्लं त्यात शिरली.

“आता बघा. आहे ना फरक?”

भिवाने वाकून, डोळे बारीक करून पाण्याकडे बघितलं.

“मला मघाशीही असंच दिसत होतं गो,” तो म्हणाला. “पाणी काय, तुझं तोंड काय, वर्ष झालं, सगळं गढूळच दिसतं.”