कच्चा आवाज

जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून निरंजननं बायकोच्या गाण्यांचे सगळे प्रोजेक्ट नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायला घेतले. तबला आला, बासरी आली, आवाजही आला. पण सूर जागेवर आणायला त्यानं त्या आवाजावर केलेल्या दुरुस्त्या मात्र जुन्या सॉफ्टवेअरमध्येच राहिल्या.

पहिलं गाणं त्यानं वाजवून पाहिलं, तेव्हा उत्तरा चहा घेऊन स्टुडिओच्या दारात उभी होती. अंतऱ्यातला वरचा षड्ज उतरला आणि तिनं कप टेबलावर ठेवून दिला.

"हे कोण गायलंय?"

निरंजनला खोटं बोलता आलं नाही. "तूच. मी नंतर सूर दुरुस्त करायचो."

"किती गाण्यांत?"

"सगळ्याच."

ती पडद्याकडे बघत राहिली. याच गाण्यांच्या भरवशावर तिनं बँकेतली नोकरी सोडली होती, आणि येत्या रविवारी सांगलीच्या नाट्यगृहात तिची पहिली मैफल होती.

"मला तुझं मन मोडवत नव्हतं गं," तो म्हणाला.

ती काचेपलीकडच्या माइकसमोर गेली, हेडफोन चढवला आणि तोच अंतरा गायली. षड्ज पुन्हा उतरला. निरंजननं तिच्याशी बोलायचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सांगितलं, "उत्तरा, कमी लागतोय."

तिनं डोळे मिटून घेतले.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मला शिकता आलं असतं रे."